बोटभर लांबीची वाळवंटी जीप

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या आफ्रिकेच्या लढाईचं एक पुस्तक वाचताना त्यात एका जीपचा फोटो दिसला. काच नाही, टप नाही, चारी बाजूंनी डबे आणि वळकट्या बांधलेल्या, आणि पुढच्या जाळीच्या पट्ट्या चक्क कापून टाकलेल्या. अशा गाडीचं हुबेहूब छोटं मॉडेल बनवायची इच्छा आहे. तयार किट परदेशी आणि महाग असतात. घरच्या घरी, हाताशी असेल त्या सामानातून जमेल का? आणि त्या पट्ट्या का कापल्या असतील?
– एक वाचक, ब्राह्मणपुरी, ता. शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : जमेल. मात्र मी दुसरा प्रश्न आधी घेतो. पट्ट्या का कापल्या हे एकदा कळलं, की मॉडेलवर काय लावायचं, काय नाही आणि कुठे लावायचं, हे आपोआप सुचत जातं.

तुम्ही वर्णन केलेली गाडी ब्रिटिशांच्या एसएएस या तुकडीची विलीज जीप असावी. या जीपच्या रेडिएटरसमोर पत्र्याची, नऊ उभ्या फटींची जाळी असते. मऊ वाळूतून खालच्या गिअरमध्ये तासन्‌तास गाडी रेटली की इंजिन तापतं. वेग कमी असल्यामुळे समोरून वाराही मिळत नाही. हवा जास्त लागावी म्हणून मधल्या पट्ट्या कापून टाकत. तरीही पाणी उकळायचंच. मग रेडिएटरच्या तोंडापासून एक नळी काढून ती पुढे बांधलेल्या डब्यातल्या पाण्यात सोडत. वाफ त्या डब्यात जाऊन थंड होई. इंजिन निवलं की रेडिएटरमध्ये पोकळी तयार होई आणि तेच पाणी परत आत ओढलं जाई. पाणी थेंबभरही वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्यामागचा हिशेब. वाळवंटात खोलवर फिरणाऱ्या, ब्रिटिशांच्याच लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या दुसऱ्या तुकडीच्या जवानाला दिवसाला सहा पाइंट, म्हणजे साधारण साडेतीन लिटर पाणी मिळे. मे महिन्यात दुपारी शेतावर काम केलेल्या माणसाला साडेतीन लिटर म्हणजे किती, हे वेगळं सांगायला नको.

हा ग्रुप १९४० मध्ये राल्फ बॅग्नोल्ड या अधिकाऱ्याने उभारला. युद्धाच्या आधीची कित्येक वर्षं त्याने हौसेने फोर्ड गाड्या घेऊन लिबियाचं वाळवंट पालथं घातलं होतं. वाळू वाऱ्याने कशी वाहते यावरचं त्याचं १९४१ चं पुस्तक आजही अभ्यासलं जातं. गाडीच्या लोखंडामुळे साधं होकायंत्र भरकटतं, म्हणून त्याने सूर्य-होकायंत्र वापरात आणलं : अंश कोरलेली आडवी तबकडी आणि मधोमध उभी सुई. सुईची सावली कुठल्या अंशावर पडते ते पाहत चालक दिशा धरून गाडी चालवायचा. मॉडेलमध्ये ही तबकडी डॅशबोर्डवर चालकाच्या नजरेसमोर हवी. कोपऱ्यात कुठेतरी चिकटवली तर जाणकाराच्या ती लगेच डोळ्यांत खुपते.

काच काढून टाकत, कारण उन्हात ती चमकली की विमानातून मैलोन्‌मैल दिसते. टप काढत ते वजन वाचावं, चहूकडे नजर राहावी आणि विमानाचा आवाज वेळेवर कानावर पडावा म्हणून. एसएएसच्या जीपवर ज्या जोडमशीनगन दिसतात त्या विमानातल्या निरीक्षकासाठी बनवलेल्या व्हिकर्स के. २६ जुलै १९४२ च्या रात्री एसएएसचा संस्थापक डेव्हिड स्टर्लिंग याच्या हाताखाली अशा १८ जीप रांगेने इजिप्तमधल्या सिदी हानीशच्या धावपट्टीवर घुसल्या आणि उभ्या विमानांवर गोळ्या झाडत निघून गेल्या. ही कथा सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून मॉडेल बनवणारे बंदुकांवरच सगळा जीव ओततात. मला ते पटत नाही. लाँग रेंज डेझर्ट ग्रुपचं फार मोठं काम होतं ते रस्त्याकडेला दिवसच्या दिवस लपून पडून शत्रूची वाहनं मोजण्याचं. ती माणसं तिथे तगली ती पाणी, पेट्रोल आणि दिशा सांभाळल्यामुळे. मॉडेलमध्येही आधी डबे, नळी आणि तबकडी मनासारखी जमवा. बंदुका शेवटी.

यात आपली माणसंही होती. तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडमधल्या घोडदळाच्या रेजिमेंटांतून जवान निवडून ‘इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रन’ उभी राहिली आणि १९४२ मध्ये तिच्या तुकड्या डेझर्ट ग्रुपसोबत लिबियाच्या वाळवंटात गस्त घालत होत्या. आपल्या मराठा पलटणीचा या भूमीशी संबंध फार जिव्हारी लागणारा आहे. जून १९४२ मध्ये जर्मन सेनापती रोमेलने लिबियातल्या तोब्रुकवर अखेरचा हल्ला चढवला तो आग्नेय बाजूने, आणि तिथे मोर्चा धरून होती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. तोब्रुक पडलं आणि या पलटणीच्या वाट्याला युद्धकैद आली. तुम्ही बनवलेल्या गाडीत पगडी बांधलेला भारतीय जवान बसवलात, तर ती कल्पनेची भरारी ठरणार नाही. इतिहासाला ते धरूनच होईल.

आता बांधणी. मापाचं प्रमाण १:३५ घ्या. रणगाडे आणि लष्करी गाड्यांच्या मॉडेलमध्ये हेच सर्वांत रुळलेलं आहे. ते रुळलं जपानच्या तामिया कंपनीमुळे. तिने पँथर रणगाड्याचं चालणारं मॉडेल काढलं तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठरला तो १:३५ च्या आसपास भरला, आणि पुढे सगळ्या जगाने तोच उचलला. या प्रमाणात विलीज जीप सुमारे ९६ मि.मी. लांब, ४५ मि.मी. रुंद होते. दोन आसांमधलं अंतर ८० इंच, म्हणजे मॉडेलमध्ये ५८ मि.मी. चाकाचा व्यास साधारण २१ मि.मी. वीस लिटरचा जेरीकॅन साडेतेरा मि.मी. उंच, दहा रुंद आणि पावणेपाच जाड. ही मापं एका कागदावर लिहून कामाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवा.

किट महाग असली तरी तुमच्या भागात एक गोष्ट आहे जी मोठ्या शहरातल्या हौशी माणसाला सहजी मिळत नाही : एखाद्या गॅरेजमध्ये किंवा गोठ्याशेजारी उभी असलेली जुनी जीप. मालकाची परवानगी घ्या, टेप घ्या आणि मापं लिहून काढा. गाडीखाली आडवं होऊन पाटे, आस, सायलेन्सर यांचे फोटो काढा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. महिंद्रने मुंबईत १९४७ पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली, पण आपल्याकडे पुढे जी सर्वत्र पसरली ती बहुतांशी सीजे-थ्रीबी. तिचं इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच. जाळीच्या फटी सात. युद्धातल्या जीपच्या फटी नऊ आणि बॉनेट बसकं. दोन्हींच्या आसांमधलं अंतर मात्र सारखंच, ८० इंच. म्हणजे खालचा सांगाडा, पाटे आणि चाकांची जागा गावातल्या जीपवरून घेता येईल. बॉनेट आणि जाळी जुन्या फोटोवरून.

सामानाचं म्हणाल तर सपाट भागांसाठी फाईलचा गुळगुळीत पुठ्ठा किंवा पातळ प्लास्टिक शीट. पुठ्ठा वापरलात तर कापण्याआधी दोन्ही बाजूंना फेविकॉल-पाण्याचा पातळ हात द्या, कडा फुगत नाहीत. वायरिंगसाठी आणि सामान आवळायच्या दोऱ्यांसाठी मोटर रिवायंडिंगच्या दुकानात पडलेले तांब्याच्या तारेचे तुकडे मागून आणा. पंपाच्या मोटरी जळतात त्या प्रत्येक तालुक्यात असं दुकान असतंच, आणि तिथे केसासारख्या बारीक तारेपासून जाड तारेपर्यंत सगळं मिळतं. बंदुकीच्या नळीसाठी इंजेक्शनची नवी, न वापरलेली सुई. टोक घासून बोथट करून घ्या. छद्मावरणाची जाळी जखमेच्या पट्टीच्या विरळ कापडातून उत्तम होते. ते कापड फेविकॉल-पाण्यात बुडवून, पिळून, गाडीवर पडेल तसं पडू द्या. वळकट्या आणि ताडपत्री टिश्यू पेपरच्या, त्याच पाण्यात भिजवून गुंडाळलेल्या. वाळूत रुतलेल्या चाकाखाली घालायचे भोकांचे पत्रे शीतपेयाच्या ॲल्युमिनियम कॅनमधून कापता येतात. भोकं सुईने पाडण्याआधी खाली जाड रबर ठेवा. व्हिकर्स बंदुकीवरचं गोळ्यांचं चपटं गोल मॅगझिन म्हणजे फाईल पंचिंग मशीनमधून पडणाऱ्या चकत्या, दोन-तीन एकावर एक.

कटर नेहमी स्वतःपासून दूर चालवा आणि लोखंडी पट्टीच्या आधाराने. प्लास्टिक चिकटवण्याचा सिमेंट उघड्या खिडकीशी वापरा.

गाडी उभी राहिली की एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : वजन. पेट्रोलने भरलेला एक जेरीकॅन साधारण वीस किलोचा. असे डझनभर डबे, पाणी, दारूगोळा, माणसं असा भार घेऊन निघालेल्या जीपचे मागचे पाटे दबलेले असणारच. मॉडेलमध्ये मागचा आस जेमतेम एक मि.मी. वर घ्या. मऊ वाळूसाठी टायरमधली हवा कमी करत, म्हणून चाकाचा तळ कानशीने किंचित सपाट करा आणि कडेला रबर फुगल्यासारखं दाखवा. एवढ्यानेच गाडी जमिनीवर टेकते. नाहीतर ती कितीही देखणी झाली तरी दुकानातल्या खेळण्यासारखी अधांतरी वाटते.

रंग पिवळट वाळूचा, आणि थोडा फिकाच निवडा. छोट्या वस्तूवर गडद रंग मूळ रंगापेक्षाही गडद दिसतो. गुलाबी छटा दिली तरी चूक नाही. पहाटे आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात वाळवंट तसंच दिसतं. पुढे १९६८ मध्ये एसएएसने ७२ लँड रोव्हर घेतल्या, त्या उघड गुलाबी रंगवल्या होत्या.

धुळीबाबत मात्र कळकळीने सांगतो. तापीची वाळू आणून पसरू नका. अर्ध्या मिलिमीटरचा कण या प्रमाणात साडेसतरा मिलिमीटरचा खडा होतो, आणि तुमची जीप वाळवंटात नव्हे, खडीच्या ढिगाऱ्यावर उभी दिसते. खडू किंवा पेस्टल पॉलिश पेपरवर घासा, ती पूड मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करा आणि मऊ ब्रशने टेकवा : चाकांवर, पायदानांवर, बॉनेटच्या खाचांत. माणसाचा हात आणि बूट जिथे सतत लागतो तिथली धूळ मात्र पुसून काढा. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरकडे नीट पाहिलंत तर धूळ कुठे साठते आणि कुठे झिजते हे तुम्हाला पुस्तकापेक्षा चांगलं कळेल. माती मात्र त्या ट्रॅक्टरवरची घेऊ नका. आपली कपाशीची काळी जमीन लिबियात नाही.

प्रश्न (त्याच पत्रातून) : आपल्या सैन्याची अशी वाळवंटी गाडी करायची तर कोणती करावी?

उत्तर : १०६ मि.मी. रिकॉइललेस तोफ बसवलेली जीप. डिसेंबर १९७१ मध्ये राजस्थानात लोंगेवालाच्या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या पंजाब रेजिमेंटच्या कंपनीने रात्रभर पाकिस्तानी रणगाडे थोपवून धरले, त्यात ही तोफ होती. आधी १९६५ मध्ये अब्दुल हमीद यांनी खेमकरणच्या आघाडीवर याच प्रकारच्या जीपवरून रणगाडे टिपले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. तो मुलूख वाळवंटी नव्हता, पण गाडी तीच.

बनवायला ती अवघड नाही. ही तोफ सुमारे ३.४ मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये ९७ मि.मी. : जवळजवळ जीपएवढीच. म्हणून पुढची काच मधोमध दुभंगलेली असते आणि त्या फटीतून नळी पुढे येते. प्रवासात नळी टेकायला पुढे एक आधार असतो, तो विसरू नका. गोळा सुटताना मागून तितक्याच जोराने ज्वाला आणि वायू बाहेर पडतात, त्यामुळेच एवढी मोठी तोफ हलक्या जीपवर धक्का न देता चालते. तेव्हा तुमच्या देखाव्यात तोफ डागण्याच्या तयारीत असेल तर तिच्या मागे एकही जवान उभा करू नका. दारूगोळ्याची पेटी, पाण्याचा डबा, तंबूसुद्धा नको.

पुठ्ठ्यात सोप्यातलं सोपं काही हवं असेल तर ‘टाटानगर’ करा. कॅनडाच्या फोर्डचा सांगाडा आणि जमशेदपूरला टाटांच्या कारखान्यातलं चिलखत अशी ही भारतीय बनावटीची चारचाकी गाडी उत्तर आफ्रिकेतही लढली. तिला गोलाई फारशी नाही, सगळे सपाट तिरपे पत्रे. जीपच्या मडगार्डची वळणं जमण्याआधी हात बसवायला ती फार चांगली.

खऱ्या गाड्या पाहायच्या असतील तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठा. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते १९९४ मध्ये सुरू केलं. तिथली रोल्स-रॉइसची चिलखती गाडी जरूर पाहा, वाळवंटात हलकी गाडी वापरायची कल्पना जीपच्या कितीतरी आधीची आहे हे तिच्यावरून दिसेल. आणि प्रमाणबद्ध काम किती बारकाईने होऊ शकतं ते पाहायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. विषय रेल्वेचा असला तरी दिव्याचा खांब केवढा आणि फाटकाची दांडी केवढी, हे डोळ्यांत बसवायला त्यासारखी जागा नाही. जाताना वही, पट्टी आणि पेन्सिल बरोबर न्या.