दुरुस्तीनंतरही इंजिन तापते? आधी विचारा, 'कधी तापते?'

गॅरेजवाल्या कारागिरांचा हा नेहमीचा अनुभव आहे. इंजिन तापते म्हणून गाडी येते. रेडिएटर बदलला जातो, नवी वॉटर बॉडी बसते, होज पाइप नवे लागतात. गिऱ्हाईक पैसे देऊन जाते आणि दोन दिवसांनी बोनेटमधून वाफ काढीत परत येते. अशा वेळी घाईघाईने आणखी एखादा पार्ट बदलला, तर गिऱ्हाइकाचा खर्च वाढतो आणि आपल्यावरचा भरवसा उडतो. तापलेली गाडी तशीच चालवली, तर अॅल्युमिनियमचे हेड वाकते. मग पाइप बदलण्यापुरते असलेले काम इंजिन उघडण्यावर जाते.

म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी गिऱ्हाइकाला विचारावे : गाडी नेमकी कधी तापते? उभी असताना, हायवेवर, की चालू केल्याबरोबर?

प्रथम हवा काढा. पाणी रिकामे करून पुन्हा भरले की हेडमध्ये किंवा हीटरच्या नळ्यांत हवा कोंडते. दुरुस्तीनंतर गाडी तापण्याचे हे फार मोठे कारण आहे. काटा अचानक वर जाऊन खाली येतो, इंजिन गरम असूनही हीटरमधून थंड हवा येते, या त्याच्या खुणा. इंजिन पूर्ण थंड असताना गाडीचे तोंड चढावर घ्यावे आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो ढिला करावा. कूलंट हळूहळू भरून, कॅप उघडी ठेवून इंजिन स्लोवर चालू करावे. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाइप गरम होतो, बुडबुडे येतात, पातळी उतरते. बुडबुडे थांबेपर्यंत भर घालून कॅप लावावी. इंजिन एकदा तापल्यावर मात्र कॅप उघडू नये. दाबाखालचे पाणी अंगावर उडून भाजते.

उभी असताना तापते, धावताना ठीक राहते. येथे फॅनवर संशय घ्यावा. वायर उलट जोडल्यास इलेक्ट्रिक फॅन उलटा फिरतो आणि रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. कागदाचा तुकडा जाळीपुढे धरला की हे कळते. फॅनचे स्विच, फ्यूज आणि काढून ठेवलेले फॅनचे कव्हर परत बसले की नाही, तेही पाहावे.

हायवेवर किंवा घाटात तापते. येथे पाण्याचा प्रवाह अपुरा असतो. रेडिएटर आतून चोंदलेला असेल, वॉटर बॉडीचा पंखा शाफ्टवर घसरत असेल, बेल्ट ढिला असेल, किंवा रेस दिल्यावर खालचा होज पाइप आत चिपकत असेल. बोअरचे जड पाणी वापरल्यास आत क्षार साचतात. म्हणून कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटरच मिसळावे.

चालू केल्यावर थोड्याच वेळात पाइप दगडासारखे कडक होतात. इंजिन नीट तापण्याआधीच असे झाले, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला किंवा ऑइल दुधाळ झाले, तर हेड पॅकिंग गेले असण्याचा संभव मोठा. असे हेड नुसते पॅकिंग बदलून बसवू नये. सरळ पट्टी व फिलर गेजने वाकडेपणा मोजावा. अनेक लहान गाड्यांत 0.05 मि.मी. ही मर्यादा असते. आपल्या गाडीची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहावी.

दोन स्वस्त वस्तूंकडे सहसा दुर्लक्ष होते. पहिली, प्रेशर कॅप. साध्या पाण्याची उकळी 100 अंशांवर येते, 0.9 किलोच्या कॅपखाली ती सुमारे 118 अंशांवर जाते. कॅपचे रबर गेले की पाणी लवकर उकळते. दुसरी, थर्मोस्टॅट. त्याची स्प्रिंग इंजिनच्या बाजूला असावी. संशय आल्यास भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह गरम करून, त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागतो का, हे पाहावे. 'काढूनच टाका' हा उपाय चुकीचा आहे. काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटर टाळून बायपासने फिरते आणि गाडी अधिकच तापते. इतर गाड्यांत इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त जाळते.

काम संपल्यावर गाडी स्वतः चालवून पाहावी, फॅन चालू होऊन बंद होईपर्यंत थांबावे. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा तपासण्यासाठी गिऱ्हाइकाला बोलवावे. या पाच मिनिटांचे पैसे मिळत नाहीत, पण परत आलेल्या गाडीचे फुकट काम वाचते. आणि ज्याच्या हातून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत येत नाही, त्या उस्तादाकडे गिऱ्हाईक आपोआप दुसरे गिऱ्हाईक घेऊन येते.