उंबरठ्यावरचं कीर्तिमुख

जुन्या हेमाडपंती देवळात जाताना उंबरठ्याकडे कधी नीट पाहिलंय का? वटारलेले डोळे, बाहेर आलेले सुळे आणि धडाचा पत्ताच नाही. हे कीर्तिमुख. पुष्कळ जण त्याला राक्षस समजतात.

कथा अशी आहे. जालंधर दैत्याने राहूला निरोप देऊन शंकराकडे पाठवले. शंकराच्या रागातून एक भुकेला प्राणी निघाला व राहूवर धावला. राहू शरण आला. मग त्या भुकेल्याने खायचं काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने खरंच पायापासून सुरुवात केली, ती फक्त तोंड उरेपर्यंत! शंकर प्रसन्न झाले आणि त्याला दाराची राखण मिळाली.

प्राचीन ग्रीसमध्येही असंच बिनधडाचं तोंड आहे, मेड्युसाचं. केसांच्या जागी साप. पर्सियसने तिचं मुंडकं कापलं, ते अथेना देवीच्या ढालीवर गेलं. ग्रीक लोक हा चेहरा ढालींवर, देवळांवर काढत. वाईट ते मागे फिरावं म्हणून. आपण नव्या बांधकामावर काळी बाहुली टांगतो, त्यातलाच प्रकार.

नेकनूर परिसरातल्या मुलांनो, काही जुन्या देवळांत उंबरठ्यावर ऑइलपेंट चढवतात, त्यात सुळे बुजून जातात. तुमच्या गावच्या देवळात कीर्तिमुख असेल तर त्याचं चित्र वहीत काढून आणा.