शंकर शेष : प्रेमकथा आणि उपजीविका

भारतीय वाङ्मयाचे इतिहास बहुधा भाषावार लिहिले जातात. ही पद्धत सोयीची असली, तरी एका भाषेच्या घरात वाढून दुसऱ्या भाषेत लिहिणारा लेखक तिच्यात नीट बसत नाही. छत्तीसगढातील बिलासपूर येथे मराठी कुटुंबात जन्मलेले हिंदी नाटककार, कादंबरीकार आणि चित्रपटकथालेखक शंकर शेष (१९३३–१९८१) हे याचे ठळक उदाहरण होय. हिंदी नाट्यसमीक्षेने त्यांची दखल घेतली आहे. मराठीत मात्र त्यांचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या लेखनातील एकाच सूत्राचा मागोवा घ्यावयाचा आहे. शेष यांच्या प्रेमकथांमध्ये प्रेमाची खरी कसोटी विरहात अथवा कुलविरोधात लागत नाही. ती उपजीविकेच्या व्यवहारात लागते. हे सूत्र मांडण्यासाठी त्यांना मराठीचा जो उपयोग झाला, तोही येथे पाहावयाचा आहे.

शेष यांची घडण समजण्यास एक प्रादेशिक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिलासपूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती, आणि त्या राज्याचा कारभार हिंदी व मराठी या दोन्ही भाषांशी बांधलेला होता. बिलासपूरच्या विद्यार्थ्याने उच्च शिक्षणासाठी नागपूरला जाणे हे तेव्हा परप्रांती जाणे नव्हते. शेष यांनी नागपूर विद्यापीठात हिंदी आणि मराठी कथासाहित्याच्या तुलनात्मक अभ्यासावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. पुढे त्यांनी महाविद्यालयांतून हिंदीचे अध्यापन केले, आणि अखेरच्या पर्वात मुंबईस भारतीय स्टेट बँकेत हिंदीविषयक कामाचे अधिकारी म्हणून नोकरी केली. हे काम राजभाषेच्या सरकारी धोरणातून निर्माण झालेले होते. म्हणजे ज्या भाषेत ते सायंकाळी नाटक लिहीत, तिच्याच कार्यालयीन रूपावर त्यांचा दिवसाचा पगार अवलंबून होता. सुमारे वीस नाटके, काही कादंबऱ्या आणि चित्रपटकथा हा सारा पसारा त्यांनी नोकरी सांभाळून, वयाच्या ४८ व्या वर्षी आलेल्या मृत्यूपूर्वी उभा केला.

'खजुराहो का शिल्पी' हे नाटक वरवर पाहता पूर्णतः रोमँटिक आहे. खजुराहोचा विषय त्यांनी 'खजुराहो की अलका' या कादंबरीतही हाताळला. मंदिराची निर्मिती, शिल्पी आणि अलका यांच्यातील ओढ, भोग आणि मोक्ष यांचा प्रश्न, असे त्याचे स्वरूप आहे. परंतु येथेही शिल्पी हा राजाश्रयाने काम करणारा कारागीर आहे, आणि त्याच्या मनातील प्रेम त्याच्या कामापासून वेगळे काढता येत नाही.

'घरौंदा' मध्ये इतिहासाचे हे अंतर नाहीसे होते. भीमसैन यांनी १९७७ मध्ये पडद्यावर आणलेल्या या कथेतील सुदीप आणि छाया हे मुंबईत एकाच कार्यालयात नोकरी करणारे प्रेमिक आहेत. त्यांच्या विवाहाला आईवडिलांचा नव्हे, तर घराच्या अभावाचा अडसर आहे. घरासाठी साठविलेला पैसा फसवणुकीत बुडतो. तेव्हा हृदयविकाराने आजारी असलेल्या श्रीमंत मालकाशी छायाने लग्न करावे, म्हणजे पुढे संपत्ती आपल्या हाती येईल, असे सुदीपच सुचवितो. या ठिकाणी प्रेमकथेचा सांकेतिक त्रिकोण उलटा होतो. खलनायक नायिकेला पळवून नेत नाही. नायकच हिशेब करून तिला देऊ करतो. आणि छाया त्या संसारात खरोखर रमू लागते, तेव्हा नायकाचा हिशेब चुकतो. शेष तिला दोषी ठरवीत नाहीत, हे विशेष होय.

'बिन बाती के दीप' या नाटकात हाच व्यवहार लेखकाच्या घरात येतो. अंध विशाखा कादंबऱ्या रचते, आणि तिचा पती शिवराज त्या स्वतःच्या नावावर प्रसिद्ध करून कीर्ती मिळवितो. पत्नीचे अंधत्व ही त्याच्या यशाची अट बनते. दांपत्यप्रेम, श्रम आणि नाममुद्रा यांचे नाते इतक्या उघडपणे मांडणारी नाटके थोडीच. निर्मितीचे श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा प्रश्न येथे वाङ्मयीन नीतीपुरता राहत नाही. तो संसाराचाच प्रश्न होतो.

आता मराठीच्या वाट्याकडे वळू. शेष यांनी महेश एलकुंचवार यांचे 'गार्बो' आणि अच्युत वझे यांचे 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' ही नाटके हिंदीत नेली. यावरून समकालीन मराठी प्रायोगिक रंगभूमीशी त्यांचा संबंध किती निकटचा होता, हे दिसते. पण अनुवादाहून अधिक महत्त्वाचा पुरावा 'पोस्टर' हे नाटक देते. मजुरीवाढीची मागणी छापलेले एक पोस्टर निरक्षर मजुरांच्या हाती येते. त्यांना ते वाचता येत नाही. मालकाला मात्र येते, आणि म्हणूनच तो घाबरतो. कल्लू आणि चैती या मजूर दांपत्याच्या खाजगी आयुष्यावरही याच मालकाची सत्ता पसरलेली आहे. ही कथा शेष यांनी महाराष्ट्रातील कीर्तनाच्या चौकटीत बसविली आहे. कीर्तनात आख्यान सांगताना बुवा थांबतो, अर्थ उलगडतो, श्रोत्यांना प्रश्न करतो. भक्तीसाठी घडलेली ही रीत येथे मजुरीच्या प्रश्नाला लावली आहे. श्रोता भावनेत वाहून न जाता विचार करीत राहावा, ही सोय शेष यांना कीर्तनात आयतीच मिळाली.

याच संदर्भात रायपूरचे हबीब तन्वीर यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. तन्वीर यांनी छत्तीसगढी बोली आणि 'नाचा'चे कलावंत रंगभूमीच्या केंद्रस्थानी आणले. १९७५ मध्ये सिद्ध झालेल्या 'चरणदास चोर' चे आरंभीचे रूप पोलाद कारखान्याच्या भिलाईतच लोकांपुढे आले होते. शेष यांनी छत्तीसगढीचा भाषाशास्त्रीय अभ्यास ग्रंथरूपाने केला, पण नाटके प्रमाण हिंदीत लिहिली आणि लोकरूप घेतले ते मराठीतून. एकाने प्रदेशाची भाषा घेतली, दुसऱ्याने घरची रीत. दोन्ही मार्ग छत्तीसगढातूनच निघाले.

तेव्हा शेष हे 'हिंदीला मिळालेले मराठी लेखक' असे म्हणून समाधान मानणे अपुरे आहे. मराठी ही त्यांची केवळ जन्मखूण नव्हती; ती त्यांच्या संशोधनाची, अनुवादाची आणि रंगतंत्राची कामाची भाषा होती. 'बिन बाती के दीप' मधील प्रश्न येथे निराळ्या रूपाने आपल्यापुढेच येतो : एका भाषेचे श्रम दुसऱ्या भाषेच्या नावावर जमा झाले, तर त्यांची नोंद कोणी ठेवावयाची? भाषावार इतिहासांना जोडणारी तुलनात्मक दृष्टी स्वीकारल्याखेरीज या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. 'पोस्टर' चे कीर्तनाशी असलेले नाते मराठीच्या अभ्यासकांनी तपासणे, ही तिची एक योग्य सुरुवात ठरेल.