शीघ्रमोचक बक्कल : रचना, परीक्षा आणि विक्री

बक्कल ही वस्तू आपल्या दुकानांत बहुधा किरकोळ मालाच्या खणात पडलेली असते. दप्तराचे बक्कल, हेल्मेटच्या पट्ट्याचे बक्कल, मोटारीतील पट्ट्याचे बक्कल, उंचावर काम करणाऱ्या कामगाराच्या अंगपट्ट्याचे म्हणजे हार्नेसचे बक्कल : गिऱ्हाईक मागेल ते काढून द्यावे, पैसे घ्यावेत, विषय संपला. अयोध्या नगर परिसरात व्यापार करणाऱ्या बांधवांना तर हा माल नित्याचाच आहे. भेलचा कारखाना आणि गोविंदपुऱ्याचे औद्योगिक क्षेत्र जवळ, बायपासवर वाहनांची अखंड ये-जा, आणि ठिकठिकाणी मजल्यांवर मजले चढत असलेल्या इमारती. अशा वस्तीत विकल्या जाणाऱ्या बक्कलांपैकी काहींवर माणसाचा जीव टांगलेला असतो, आणि कोणत्या बक्कलावर तो टांगलेला आहे हे वरकरणी पाहून कळत नाही. म्हणून या लहानशा वस्तूच्या रचनेचा थोडा अभ्यास व्यापाऱ्याने करावा, असे आम्हांस वाटते.

शीघ्रमोचक बक्कल म्हणजे एका हालचालीत सुटणारे बक्कल. त्याच्याकडून दोन परस्परविरुद्ध अपेक्षा असतात. आपण होऊन ते कधीही सुटू नये. आणि सोडू म्हटले की क्षणाचाही विलंब न लावता सुटावे. पहिली अपेक्षा एकटी असती तर गाठ मारून भागले असते. दुसरी एकटी असती तर साधा आकडा पुरला असता. दोन्ही एकत्र आल्या की कारागिराची परीक्षा सुरू होते.

या विद्येचे माहेर विमानविद्येत आहे. हवाई छत्रीने उतरणारा वैमानिक पाण्यात पडला, किंवा जमिनीवर वाऱ्याने फरफटू लागला, तर तीन ठिकाणचे आकडे एकेक करून सोडण्यास त्यास अवसर कोठून मिळावा? म्हणून सर्व पट्टे छातीवरील एकाच चकतीत आणून अडकविण्याची युक्ती निघाली. चकती प्रथम फिरवावयाची आणि मग तिजवर हाताने आघात करावयाचा, की सर्व पट्टे एकदम मोकळे. केवळ फिरून ती सुटत नाही, केवळ धक्का लागूनही सुटत नाही. दोन वेगळ्या, हेतुपूर्वक केलेल्या क्रिया मागणे हे तत्त्व तेव्हापासून या धंद्यात कायमचे झाले. पुढे निल्स बोहलिन हा स्वीडिश अभियंता साब कंपनीत विमानातून वैमानिकास बाहेर फेकणाऱ्या आसनांचे काम करून व्होल्वो कंपनीत आला, आणि 1959 साली त्याचा तीन-बिंदू पट्टा मोटारींत बसू लागला. पट्टा एका हाताने लावता व सोडता यावा, हा त्याचा आग्रह होता. व्होल्वोने या पेटंटाचा उपयोग इतर कारखानदारांस मोकळा ठेवला, हे व्यापारी जगात विरळाच. विमान आणि मोटार या दोन्ही धंद्यांत भारतात प्रारंभीच्या काळात उडी घेणारे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद हे आपल्याच समाजातील होते. 1940 साली बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि 1944 साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स या संस्था त्यांनी उभ्या केल्या. असो.

आता मोटारीतील बक्कलाच्या पोटात काय असते ते पाहू. पट्ट्याच्या टोकाला भोक पाडलेली पोलादी जीभ असते. ती आत शिरली की एक खटका त्या भोकात पडतो, आणि खटका वर उचलला जाऊ नये म्हणून त्याच्या पाठीवर स्प्रिंगने ढकललेला एक अडसर येऊन बसतो. लाल बटण दाबले की अडसर सरकतो, खटका मोकळा होतो आणि दुसरी स्प्रिंग जिभेस बाहेर फेकते. रचना एवढीच, परंतु तीत खोच आहे. बटणाने थेट खटकाच ओढावयाचा ठरविला तर काय होईल? समजा अपघातानंतर पट्टा ताणलेला असून खटक्यावर 2000 न्यूटनांचा भार आहे, आणि पोलादावर पोलाद घासण्याचा गुणांक 0.2 आहे. मग खटका हलविण्यास 400 न्यूटन, म्हणजे सुमारे 40 किलो वजनाइतका जोर हवा. उलटलेल्या गाडीत लटकणाऱ्या माणसाच्या अंगठ्यात तो असत नाही. म्हणून भार खटक्याने पेलावयाचा आणि बोटाने मात्र अडसर तेवढा सरकवावयाचा, अशी कामाची वाटणी करतात. खटक्याचा कोन असा ठेवतात की भाराचा अल्पसा अंशच अडसरापर्यंत पोहोचावा.

भार तरी किती येतो? ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतील 60 किलो वजनाचा माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबला, तर त्यास थांबविणारे बल सुमारे 11,600 न्यूटन भरते. म्हणजे जवळजवळ 1200 किलोंचे ओझे. ते पट्ट्याच्या निरनिराळ्या भागांत वाटले जाते, तरी बक्कलाच्या वाट्यास थोडे येत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नियम क्रमांक 16 प्रमाणे बक्कलाने 9800 न्यूटनांचा ताण सोसला पाहिजे. आदळण्याच्या चाचणीपूर्वी ते 5000 वेळा उघडून मिटलेले असले पाहिजे. आणि चाचणीनंतर ते 60 न्यूटनांपेक्षा अधिक जोर न लावता सुटले पाहिजे. बटण लाल हवे, आणि बक्कलाच्या अन्य कोणत्याही भागास तो रंग नको, म्हणजे कधी न पाहिलेल्या माणसासही कोठे दाबावे हे कळते. मुलांच्या आसनाच्या बक्कलास उलट किमान मर्यादाही आहे : ताण नसताना ते 40 न्यूटनांहून कमी जोराने सुटता कामा नये, नाही तर मूल खेळता खेळता ते सोडील, आणि 80 न्यूटनांहून अधिक जोरही लागता कामा नये, नाही तर आईस सुटणार नाही.

अर्धवट बसणे हा बक्कलाचा सर्वांत घातक दोष होय. जीभ आत दिसते, माणूस निश्चिंत असतो, आणि खटका मात्र पडलेला नसतो. बाहेर फेकणारी स्प्रिंग याचसाठी आहे : पूर्ण अडकली नाही तर जीभ आत राहूच नये.

येथे ‘शीघ्र’ या शब्दाने फसू नये. उंचावरील कामगाराच्या हार्नेसमध्ये शीघ्रता हवी असते ती लावण्याची व काम संपल्यावर काढण्याची. लटकलेल्या माणसाचे बक्कल सुटले तर तो खालीच जाणार. म्हणून त्यात दोन्ही बाजूंच्या कळा एकाच वेळी दाबल्याखेरीज न सुटणारी, आणि चांगल्या मालात भार असताना मुळीच न सुटणारी योजना असते. युरोपीय मानकानुसार असा हार्नेस 15 किलोन्यूटनांचा ताण तीन मिनिटे सोसतो. आपल्याकडे त्यासाठी आयएस 3521 हे मानक आहे. दप्तराचे दोन काट्यांचे प्लॅस्टिक बक्कल दिसावयास त्याचेच धाकटे भावंड वाटते, परंतु ते सामानासाठी आहे, माणसासाठी नव्हे. प्लॅस्टिक उन्हाने ठिसूळ होते आणि काट्याच्या मुळाशी तडकते. तुटलेल्या हार्नेसला तसले बक्कल शिवून द्या, असे कोणी सांगितले तर नाही म्हणावे. (जाता जाता एक समाधान : पूर्वीचे चामड्याचे पट्टे जाऊन आता पॉलिएस्टर व नायलॉनची विणलेली पट्टी आली आहे, त्यामुळे हा माल ठेवण्यात आपल्या व्रतास बाध येत नाही.)

व्रताचा विषय निघालाच आहे तर एका मालाविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागील आसनावर बसलेले गृहस्थ मृत्यू पावले. दोघांनीही पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. केंद्रीय मोटार वाहन नियम 138 प्रमाणे समोर तोंड असलेल्या मागील आसनावरही पट्टा आवश्यक आहे. त्याच सुमारास सर्वांच्या डोळ्यांत भरली ती बाजारात मिळणारी एक पोलादी जीभ, जिला पट्टाच नाही. ती बक्कलात खुपसली की गाडीस वाटते पट्टा लागला, आणि सूचनेचा आवाज बंद होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच ऑनलाइन विक्रीमंचांना ती काढून टाकण्याचा आदेश दिला, तेव्हा 13,118 नोंदी काढण्यात आल्या. काही विक्रेते ती बाटली उघडण्याचे साधन किंवा सिगारेट लायटर या नावाखाली विकीत होते. 2021 साली देशात पट्टा न लावल्यामुळे 16,397 माणसे दगावली, असा रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापाच्या जोडीला ‘प्रतिरूपकव्यवहार’ आहे. म्हणजे खऱ्यासारखी दिसणारी खोटी वस्तू खऱ्याच्या जागी चालविणे. पट्ट्याविना जीभ ही त्याचे इतके चपखल उदाहरण आहे की टीकाकारांस यापेक्षा चांगले सापडले नसते. वजनकाट्यात खोट ठेवणारा गिऱ्हाइकाचे चार पैसे घेतो. ही जीभ विकणारा घेतो ते भरून देता येत नाही. ‘गिऱ्हाईकच मागते’ हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. विषही गिऱ्हाईकच मागते.

आता माल घेताना करावयाची परीक्षा. जीभ हळूच, अर्धवट आत ढकलून हात सोडावा. ती बाहेर आली पाहिजे. पुरती बसल्यावर स्पष्ट ‘खट्’ असा आवाज यावा. ताण देऊन बटण दाबून पाहावे, आणि बक्कलाच्या पाठीवर तळहाताने थाप मारून पाहावी, कारण हलक्या मालाचा अडसर धक्क्यानेच सरकतो. या परीक्षेने वाईट माल ओळखता येतो, चांगल्याची खात्री मात्र होत नाही. ती मानकाच्या छापावरून व पुरवठादाराच्या बिलावरूनच करावी लागते. दुचाकीच्या हेल्मेटास 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते चिन्ह संपूर्ण हेल्मेटाचे असते, म्हणून त्याचे बक्कल दुकानात बदलून देऊ नये.

राहता राहिला जुना माल. अपघातात सापडलेल्या गाडीचे बक्कल बाहेरून नव्यासारखे दिसते, परंतु आतील खटका वाकलेला व पट्टीचे धागे ताणलेले असतात. एकदा झटका खाल्लेला पट्टा आणि हार्नेस पुन्हा वापरावयाचे नसतात. तसे बक्कल दुकानात आलेच तर भंगारात घालण्यापूर्वी पट्टा कात्रीने बक्कलाजवळ कापून टाकावा, म्हणजे ते फिरून कोणाच्या खणात येत नाही.