रोहिणी सरायच्या आत: धुरा, चर आणि खसरा

पुराचं पाणी ओसरल्यावर वावरात रेती राहिली, तर ती तीन इंचांच्या वर असावी लागते. तेव्हाच सरकारी मदतीच्या नियमात ते जमिनीचं नुकसान ठरतं. केंद्रानं 2022-23 ते 2025-26 या वर्षांसाठी आपत्ती निधीचे जे दर ठरवले, त्यांत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला हा गाळ काढायला हेक्टरी 18,000 रुपये धरलेले होते. हिशेब करून पाहा. एका हेक्टरवर तीन इंच रेती म्हणजे साडेसातशे घनमीटर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीनएक घनमीटर माल बसतो, म्हणजे अडीचशे फेऱ्या. फेरीला 72 रुपये पडले. त्यात जेसीबीचं भाडं, डिझेल आणि मजुरी बसवून दाखवणारा माणूस कन्हानच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. नदीनं पात्र बदलून जमीनच नेली, तर हेक्टरी 47,000. तेवढ्यात वावर परत येत नाही, हे सांगायला नको.

हे दर वाईट आहेत म्हणून रडायचं कारण नाही, पण त्यांचा स्वभाव ओळखून घ्यावा. सरकार वाटा उचलतं, नुकसान भरून देत नाही. आणि हा वाटा पाऊस पडून गेल्यावर लहान असतो, पावसाआधीच्या कामांत मोठा असतो. ठिबक-तुषार संचाला केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत अल्प व सीमांत शेतकऱ्याला खर्चाच्या 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. मध्य प्रदेशाची बलराम तालाब योजना 2007 पासूनची. तिच्या नियमांत शेततळ्याला सर्वसाधारण शेतकऱ्याला 40 टक्के, अल्प-सीमांतांना 50 टक्के, दोघांनाही कमाल 80,000 रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 75 टक्के, कमाल एक लाख. शेतात ठिबक किंवा तुषार संच असलेल्यांना यात प्राधान्य, म्हणून दोन्ही अर्जांचा विचार एकत्रच करावा. तळं खोदून ते पाणी पाटानं मोकळं सोडायचं, तर तळं खोदायची तसदी कशाला?

एक नियम मात्र परदेशातही सारखाच दिसतो. अमेरिकेत पूर-वादळानं खराब झालेली शेतजमीन दुरुस्त करायला सरकार साधारणतः खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत वाटा देतं, पण अर्ज आणि पाहणी होण्याआधी काम उरकून घेतलं तर तो वाटा अडकतो. आपल्याकडंही तसंच. मंजुरीच्या आधी तळ्यावर जेसीबी लावला, किंवा संच आधी विकत घेऊन मग अर्ज केला, की अनुदान गेलंच म्हणून समजा. दुकानदार ‘घेऊन तर जा, कागदाचं आपण पाहू’ म्हणतो. त्याचा माल खपतो, तुमचा अर्ज पडतो.

आता वावराकडं. आपला सौंसर-पांढुर्ण्याचा पट्टा सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा. वरच्या बाजूला हलक्या, मुरमाड जमिनी; खाली जाम आणि कन्हानच्या खोऱ्यात भारी, काळी माती. वरच्या वावरातून पाणी पळतं आणि माती घेऊन पळतं. खालच्या वावरात तेच पाणी येऊन बसतं. त्यामुळं शेजाऱ्यानं केलं तेच आपणही करायचं, असं इथं चालत नाही. हेक्टरभर वावरातून एक मिलिमीटर माती गेली तरी दहा घनमीटर गेली, म्हणजे तीनेक ट्रॉल्या. डोळ्यांना ती जाताना दिसत नाही. दिसतात ते फक्त धुऱ्याखालचे ओघळ.

हलक्या जमिनीत काम धुऱ्यापासून सुरू होतं. उन्हाळवाही झाली असेल तर धुऱ्यावर चक्कर मारा आणि सर्वांत खोलगट जागा शोधा. धुरा दरवर्षी तिथंच फुटतो. तिथं नुसती माती चढवून उपयोग नाही. तिथंच दगडाचा सांडवा बांधा, म्हणजे जास्तीचं पाणी ठरलेल्या जागेवरून, वेग मोडून खाली उतरेल. ताज्या मातीचा धुरा उघडा ठेवू नका. पहिल्या पावसाच्या ओलीवर गवताचे ठोंब लावले तर ऑगस्टपर्यंत मुळं धरतात. सांडव्याचं पाणी ज्याच्या वावरात उतरणार, त्याच्याशी आत्ताच बोलून घ्या. श्रावणात भर पावसात धुऱ्यावर उभं राहून होणारी भांडणं बहुतेक याच एका गोष्टीची असतात. पऱ्हाटी, तूर, सोयाबीनची पेरणी उताराला आडवी करा. तिला अनुदान लागत नाही, अर्ज लागत नाही, आणि तरीही अर्धं शिवार उताराच्या दिशेनं पेरलेलं असतं, कारण ट्रॅक्टरला लांब तास सोयीचा पडतो.

धुराबंदी, शेततळं, विहिरीचं पुनर्भरण ही कामं मनरेगा या मजुरीच्या योजनेतून अल्पभूधारकाच्या स्वतःच्या जमिनीवरही होत आली आहेत. मध्य प्रदेशात त्यांची ‘भूमिशिल्प’, ‘कपिलधारा’ अशी नावंही पडली. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. त्यात 125 दिवसांच्या कामाची हमी आहे आणि खर्चाचा वाटा केंद्र 60, राज्य 40 असा आहे. नाव काहीही असो, आपल्या वावरातलं काम पंचायतीच्या आराखड्यात चढलं नसेल तर ते होत नाही. सचिवाला किंवा रोजगार सहायकाला तोंडी सांगून भागत नाही. ग्रामसभेत नाव घ्यायला लावा. विहिरीच्या पुनर्भरणाबद्दल एक सावधगिरी: नाल्याचं गढूळ पाणी सरळ विहिरीत सोडू नका. दगड, गिट्टी, रेती यांच्या गाळणखड्ड्यातूनच सोडा, नाहीतर दोन पावसाळ्यांत विहिरीचे झरे गाळानं बुजतील.

संत्र्याच्या बगीच्याला मात्र आपण वर्षभर पाणी देण्याचीच काळजी करतो, काढण्याची नाही. काळ्या जमिनीत ऑगस्टमध्ये पाणी चार-सहा दिवस साचलं की बारीक मुळं गुदमरतात. मग फायटोफ्थोरा बुरशी शिरते, खोडातून डिंक गळायला लागतो, पानं पिवळी पडतात आणि झाड हळूहळू वाळत जातं. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतो आणि औषध शोधतो. खरं औषध आत्ता, मे महिन्यात, फावड्यानं करायचं असतं. भारी जमिनीत झाडांच्या दोन ओळींनंतर एक-दीड फूट खोल चर काढा आणि त्याचं तोंड नाल्याकडं उघडा. हलक्या, उताराच्या जमिनीत तोच चर उताराला आडवा घ्या, म्हणजे पाणी मुरेल. चर काढला आणि तोंड बंद राहिलं, तर बगीच्यात आपणच तलाव बांधला म्हणायचं.

झाडाचं आळं दुहेरी ठेवा. आतली बांगडी खोडाभोवती कोरडी, बाहेरचीत पाणी. खोडाला मातीचा ढीग लावू नका. कलमाचा डोळा मातीच्या वर मोकळा दिसला पाहिजे. पावसाच्या आधी खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मगच एकत्र करा. लोखंडी भांडं वापरू नका. मलम त्याच दिवशी संपवा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था आपल्याला जवळ आहे, चंदनगावचं कृषी विज्ञान केंद्रही छिंदवाड्याच्या रस्त्यावरच. बगीचा पिवळा पडल्यावर जाण्यापेक्षा हिरवा असताना जा.

2018-19 च्या दुष्काळात सीमेपलीकडं महाराष्ट्रात वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडकडं संत्र्याची झाडं वाळून गेली, आणि त्यानंतर लवकरच, ऑगस्ट 2020 च्या अखेरीस, पेंच-कन्हानला मोठा पूर आला. पाण्याची टंचाई आणि पाण्याचा लोंढा, दोन्ही एकाच पट्ट्यात, इतक्या जवळजवळ. तळं आणि चर दोन्ही हवेत, ते यासाठी.

आता कागद. इथं आपल्या भागाची एक अडचण आहे, तिच्याबद्दल उघड बोललेलं बरं. 1956 च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. नातीगोती मात्र सावनेर, काटोल, नरखेडात. टीव्ही मराठी, व्हॉट्सअॅप मराठी. त्यामुळं ‘मागेल त्याला शेततळे’, ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही नावं आपल्याला तोंडपाठ असतात आणि त्यांतली एकही योजना लोधीखेड्याला लागू नसते. पाहुण्याच्या खात्यात पैसे आले म्हणून आपण तलाठी शोधायचा नसतो. आपल्याकडं पटवारी, सातबाराच्या जागी खसरा आणि बी-1, पीकपेऱ्याच्या जागी गिरदावरी, आणि शेतीचा सल्लागार म्हणजे ग्रामीण कृषी विस्तार अधिकारी. ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाल्यानं जिल्ह्याच्या कामाला छिंदवाड्याची वाट धरायची गरज उरलेली नाही. जुन्या सवयीनं तिकडं दिलेला अर्ज फिरून परत येईपर्यंत मुदत निघून जाते.

या सगळ्यात गिरदावरी सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडंच सर्वांत कमी लक्ष. वावरात पऱ्हाटी उभी आणि खसऱ्यावर सोयाबीन चढलेलं असेल, तर पंचनामा कितीही खरा झाला तरी रक्कम अडते. संत्र्याच्या झाडांची संख्या खसऱ्यावर आहे का, तेही पाहून घ्या. समग्र आयडी, आधार, बँक खातं आणि खसरा या चौघांत नावाचं एक अक्षर जरी वेगळं असलं, तरी आत्ताच दुरुस्त करा. आजोबांच्या नावावरची जमीन अजून वाटून फेरफार झालेली नसेल, तर मदतीचा पैसा मिळायच्या आधी घरातच भांडण होतं.

मध्य प्रदेशात पीकनुकसानीची मदत राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 खाली मिळते. केंद्राच्या निधीत नुकसान 33 टक्के झाल्यावरच हात मोकळा होतो. राज्याचं परिपत्रक 25 टक्क्यांपासूनचं नुकसान धरतं. मार्च 2023 च्या गारपिटीनंतर 50 टक्क्यांवरच्या नुकसानीला हेक्टरी 32,000 रुपयांची घोषणा झाली, ती याच परिपत्रकाच्या आधारानं. 24 टक्के आणि 26 टक्के यांत काय फरक असतो, हे पाहणीच्या दिवशी वावरात उभ्या असलेल्या मालकालाच कळतं. म्हणून त्या दिवशी बाजाराला जाऊ नका. पटवारी, कृषी आणि उद्यान विभागाची माणसं आली की हलक्या कोपऱ्यातून नव्हे, जिथं मार बसला तिथून त्यांना चालवा. पंचायतीत लागलेली यादी स्वतः वाचा. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. ऐकलं नाही तर 181 ची मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे.

विमा याहून वेगळा, आणि तिथं घड्याळ चालू असतं. गारपीट, ढगफुटी, वीज पडून आग, पाणी साचणं, अशा स्थानिक नुकसानीची खबर 72 तासांत द्यावी लागते: 14447 वर किंवा पीकविमा अॅपवर. कापून वावरात पसरलेल्या पिकाला 14 दिवसांपर्यंत संरक्षण असतं. खरीप 2026 पासून वन्य प्राण्यांचं नुकसानही राज्यानं अधिसूचित केल्यास विम्यात येतं. रानडुकरांनी जागरण करायला लावलेल्या आपल्या पट्ट्यानं हे लक्षात ठेवावं. फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन चालू असू द्या. आणि फोटो आत्ताही काढून ठेवा, धड असलेल्या धुऱ्याचा, विहिरीचा, बगीच्याचा. आधी काय होतं याचा पुरावा नंतर तयार करता येत नाही.

बहार झाडावरच व्यापाऱ्याला विकणाऱ्यांनी सौदा कागदावर करावा. गारपीट झाली तर उरलेली रक्कम कोण देणार, सरकारी मदत कोणाची, हे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या. व्यापारी आढेवेढे घेईल. घेऊ द्या. बटईनं वावर देणाऱ्यांनीही लेखी करार करावा. राज्यात 2016 पासून त्यासाठी कायदाच आहे, आणि तोंडी बटईत कसणाऱ्याचा घाम जातो, मदत मालकाच्या खात्यात जाते.

किसान क्रेडिट कार्ड (केसीसी) असलेल्यांचा विमा हप्ता बँक आपोआप कापते, पण अनेकदा गेल्या वर्षीच्या पिकावर. यंदा पीक बदललं असेल तर बँकेला लेखी कळवा आणि पावतीवरचं पीक वाचून घ्या. खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता असतो, बागायती फळपिकाला पाच टक्के. संत्रा यंदाच्या अधिसूचनेत आहे का, ते हप्ता भरायच्या आधी विचारा. खरिपाची मुदत साधारणतः 31 जुलैची असते. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर बसतो आणि रांग वाढते, तेव्हा पेरणी आटोपली की जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच पावती हातात घ्या.