रेवदंडा व कोर्लई : सहलीचा एक धडा

विद्यार्थ्यांनो, सहल म्हणजे केवळ करमणूक नव्हे. डोळे व कान उघडे ठेवले तर ती इतिहासाची शाळाच होय. नागोठण्याहून रोह्यामार्गें कुंडलिकेच्या मुखाकडे गेलें कीं, दक्षिण तीरावर कोर्लई व उत्तर तीरावर रेवदंडा लागतो. निघतांना अंबा नदीवरील आपला जुना दगडी पूल अवश्य पाहावा. १५८० च्या सुमारास चौलच्या काजी अल्लाउद्दीनानें तो बांधविला असें सांगतात. चौल-रेवदंड्याशीं आपल्या गांवाचें नातें इतकें जुनें आहे.

पोर्तुगीजांनीं रेवदंड्याच्या किल्ल्यास १५२१ त आरंभ केला. १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या छत्राखालीं होतें. म्हणजे त्या साठ वर्षांत या किनाऱ्यावर हुकूम चाले तो स्पेनच्या राजाचा! १५९४ त त्यांनीं कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून घेतला, आणि १७४० त हीं ठाणीं मराठ्यांकडे आलीं. आज रेवदंड्याच्या तटाच्या आंत नारळी-पोफळींच्या वाड्या आहेत व त्यांतून पडक्या मनोऱ्याचे खण डोकावतात. त्या दगडांवर कोणीं आपलें नांव कोरूं नये.

दुपारीं जेवावयास बसाल तेव्हां ताटही नीट पाहा. भात, मासळी, नारळ व कोकम हीं आपलीं. परंतु कालवण लाल करणारी मिरची मूळची अमेरिकेची. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर स्पॅनिशांनीं ती युरोपांत नेली, व पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यास लागली. त्यापूर्वीं तिखटासाठीं मिरीं वापरीत. हिवाळ्यांतील पोपटींत वालाच्या शेंगा पुरातन, बटाटा मात्र पाहुणा! काजू, अननस, पपई हींही तशींच आलेलीं. पाव, चावी हे तर पोर्तुगीज शब्दच होत.

कोर्लईस ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफांतून झालेली एक बोली चालते. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आयांनीं ती लेंकरांच्या तोंडीं जिवंत ठेविली. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. तट ढासळला तरी दगड उरतात. बोली थांबली तर तिचा आवाज पुन्हां ऐकूं येत नाहीं. म्हणून ती ऐकतांना हसूं नये, आदरानें एकदोन शब्द शिकून यावे.

घरीं परतल्यावर आजीस विचारून दहा पदार्थ लिहावे व त्यांतील कोणता जिन्नस कोठून आला तें शोधावें. पालकांनींही या कामांत मुलांस साह्य करावें. ज्यास आपण निव्वळ आपलें म्हणतों, त्यांत किती देशांचा वांटा आहे, हें त्या यादीवरून समजेल.