डोह राखला तर धंदा टिकेल

मासेमारी म्हटली की कोकणचा किनारा डोळ्यांपुढे येतो. परंतु 1 मे 1981 रोजी निर्माण झालेल्या जालना जिल्ह्यातही गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या आणि जलाशयांच्या काठी अनेक भोई कुटुंबांची चूल मासळीवर पेटते. पुरुषांनी पहाटे जाळे ओढावे, स्त्रियांनी आठवडी बाजारात मासळी विकावी, अशी ही घरगुती विभागणी असते. या धंद्याचे मुद्दल कोणते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

नाव व जाळे ही केवळ साधने होत. खरे मुद्दल म्हणजे उन्हाळ्यात डोहात तगून राहिलेले अंड्यावरचे मासे. रोहू, कटला पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. पूर्ण वाढलेली मादी वजनाच्या दर किलोमागे लाखावर अंडी देते. मरळीचे नर-मादी तर पिलांच्या थव्याची राखण करतात. त्या वेळी ही जोडी पकडल्यास सारा थवा उघडा पडतो.

अडचण येते ती उन्हाळ्यात. पाणी आटते, मासे एका ठिकाणी गोळा होतात आणि व्यापाऱ्याची उचल फेडायची असते. 2012-13 च्या दुष्काळाची मोठी झळ या जिल्ह्याने सोसली आहे. अशा वेळी शेवटचा डोहही उपसला, तर पुढील पावसाळ्यात बीज कोठून येणार?

बारीक आसाच्या जाळ्याचा हिशेबही तपासावा. समजा, 200 ग्रॅमचे 5 मासे आज विकले, तर वजन 1 किलो भरेल. त्यांतील 2 गमावून उरलेले 3 प्रत्येकी 1 किलोचे झाले, तर 3 किलो मासळी मिळेल; शिवाय मोठ्या माशाला किलोमागे भावही अधिक येतो. मात्र ही वाट एकट्या कुटुंबाने पाहून भागत नाही. आपण सोडलेला मासा शेजाऱ्याने धरला तर संयम तोट्यात जातो. म्हणून नियम सहकारी संस्थेने ठरवावा व सर्वांनी पाळावा.

सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यानुसार गुन्हा आहे. परंतु कायद्याला लोकसंकेताची जोड हवी. महाड तालुक्यातील वाळणकोंड येथे श्रद्धेपोटी लोकांनी डोहातील मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. कोळी बांधवही नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात होड्या लोटण्याची प्रथा पाळत आले.

ग्रामपंचायतींनी तळ्याचा ठेका देताना एक डोह राखीव ठेवण्याची व जाळ्याच्या आसाची अट घालावी. त्या काळात मच्छीमारांना रोजगार हमीची कामे मिळतील, हे अधिकाऱ्यांनी पाहावे. शिक्षकांनी मुलांना नदीकाठी नेऊन हा हिशेब शिकवावा. व्याजावर जगावे, मुद्दल राखावे, हा सावकारीतला धडा नदीलाही लागू पडतो.